पेशीतला शिलिंगचा मीटर आणि मीठ-साखरेचे पाणी



सुट्टीत भारतात जायचे ठरले की रीडिंगमधल्या आपल्या घरांतून बॅगा खाली काढल्या जातात. वजनकाटा बाहेर येतो, चॉकलेटे आणि क्रीमच्या बाटल्या भरल्या जातात आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, औषधांची पिशवी. आज त्या पिशवीतल्या सर्वात स्वस्त वस्तूविषयी, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीविषयी, लिहिणार आहे. तिथे पोहोचण्यासाठी मात्र आपल्या पेशीतल्या एका अतिसूक्ष्म यंत्रात डोकवावे लागेल. वाट थोडी आडवळणाची आहे, पण कंटाळवाणी नाही.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही सोलापूरला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या पाच वर्षांच्या मुलाला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत पोर मलूल झाले. ह्यांच्या आत्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला पाणी देऊ नकोस. जेवढं पाजशील तेवढं बाहेर पडेल. पोटाला विसावा दे." मी मनातल्या मनात हसले, कारण मी शास्त्र शिकलेली! लगेच दुकानातून पुडी आणवली आणि इथल्या सवयीप्रमाणे एका पेल्यात अख्खी पुडी ढवळली. सासूबाईंनी चमच्याने चव घेतली आणि पेला माझ्या हातातून काढून घेतला. "अगं, हे तर समुद्राचं पाणी झालं! डोळ्यांतल्या पाण्याहून खारट पाणी पोराला पाजायचं नसतं." पुडी उलटून पाहिली, तर तिच्यावर स्पष्ट लिहिले होते: एक लिटर पाण्यात.

एकाच खोलीत, एकाच मुलापायी दोन चुका होत होत्या. एक न शिकलेल्या बाईची आणि एक शिकलेल्या बाईची. माझी चूक जास्त धोक्याची होती. मुलगा दोन दिवसांत बरा झाला, पण त्या दोन्ही चुका चुका का होत्या, ते मला नीट समजावून घ्यावेसे वाटले. त्यातून हा लेख.

नाणे टाका, शेगडी पेटवा

साठ-सत्तरच्या दशकांत या देशात आलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना भाड्याच्या खोलीतला गॅसचा मीटर आठवत असेल. फटीत शिलिंग टाकायचे, खटका फिरवायचा, की शेगडी पेटे. तेवढ्या पैशांचा गॅस संपला की ती आपोआप विझे. बंद करायला कोणी यावे लागत नसे. थंडीत कुडकुडत कोटाच्या खिशात नाणे शोधताना त्या मीटरला आपण शिव्या दिल्या असतील, पण त्यात एक मोठे शहाणपण होते. चालू करण्याचा निर्णय माणसाचा, बंद होण्याची व्यवस्था यंत्राच्या पोटातच.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असेच मीटर आहेत. त्यांना जी-प्रथिने म्हणतात. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर निरोप घेणारे 'ग्राहक' असतात. माणसात या जातीचे सुमारे ८०० ग्राहक आहेत. ॲड्रेनलिनसारखा एखादा निरोप्या बाहेरून येऊन ग्राहकाला चिकटतो, पण तो आत जात नाही. दारावरची घंटा वाजवावी तसा तो फक्त ग्राहकाचा आकार किंचित बदलतो. आत उभे असलेले जी-प्रथिन हा बदल ओळखते आणि निरोप पुढे पोहोचवते.

ही आपल्या रोजच्या ओळखीची मंडळी आहेत. दम्याच्या निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल अशाच एका ग्राहकाला जागे करते. रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी दिले जाणारे बिसोप्रोलॉल अशाच दुसऱ्या ग्राहकाला झोपवून ठेवते. गवताच्या परागांनी शिंका येऊ लागल्या की आपण घेतो ती सेटिरिझिनची गोळीही याच घराण्यातल्या ग्राहकावर काम करते. या प्रथिनांचा शोध आणि त्यांचे कार्य यांसाठी मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मीटरमधले नाणे म्हणजे जीटीपी नावाचा रेणू. त्याला फॉस्फेटच्या तीन कड्यांची शेपटी असते. यातली शेवटची कडी तुटली की उरतो जीडीपी, म्हणजे वापरून झालेले नाणे. जी-प्रथिनाचे तीन भाग असतात: आल्फा, बीटा आणि गॅमा. विश्रांतीत तिघे एकत्र असतात आणि आल्फाच्या मुठीत जुने नाणे, म्हणजे जीडीपी, असते. घंटा वाजली की ग्राहक आल्फाची मूठ सैल करतो. जुने नाणे गळून पडते आणि पेशीत मुबलक असलेले नवे नाणे, जीटीपी, त्या जागी बसते. त्यासरशी आल्फाचा आकार बदलतो. तो जोडीदारांपासून सुटतो आणि पुढच्या यंत्राला जाऊन भिडतो. शेगडी पेटली!

विझवतो कोण?

आता खरी गंमत. घंटा वाजवणारा निघून गेला तरी सुटलेला आल्फा पुढे काम करीतच राहतो. त्याला थांबवायचे कोणी? उत्तर असे, की तो स्वतःच. आल्फा हा नुसता निरोप्या नाही, तो एक अतिशय संथ कात्रीही आहे. मुठीत धरलेल्या जीटीपीची शेवटची कडी तो स्वतःच कापून टाकतो. गॅसच्या मीटरशी तुलना इथे थोडी सुटते. तिथे पैसे संपतात म्हणून गॅस थांबतो. इथे यंत्र स्वतःच आपल्या नाण्याचा तुकडा पाडते आणि तो तुकडा पडला की यंत्र बंद होते.

हे कापणे होते पाण्याच्या एका रेणूने. आल्फाच्या मुठीत ग्लुटामीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. ते पाण्याच्या रेणूला नेमक्या जागी, शेवटच्या कडीसमोर, उभे करते. आर्जिनीन नावाचे दुसरे अमिनो आम्ल धन विद्युतभाराचे असते. कडी तुटण्याच्या क्षणी तिथे ऋण विद्युतभार दाटतो, तो सांभाळून घेण्याचे काम त्याच्याकडे. जणू एक जण सुरी धरतो आणि दुसरा फळ घट्ट धरून ठेवतो. कडी तुटताच तिला बिलगून ताणलेले प्रथिनाचे पट्टे सैल पडतात. आल्फा मूळ आकारात येतो, पुढच्या यंत्राला सोडतो आणि बीटा-गॅमाशी पुन्हा जोडी जमवतो. मीटर पुन्हा नव्या नाण्यासाठी तयार.

हे कापणे मुद्दामच संथ आहे. आल्फाला एकट्याने एक नाणे कापायला साधारण काही सेकंद ते अर्धा मिनिट लागते. रसायनशास्त्राच्या जगात हा फार मोठा काळ झाला, पण त्या काळातच निरोप पुढे पोहोचतो. कात्री फार जलद असती तर शेगडी पेटण्याआधीच विझली असती.

काही ठिकाणी मात्र एवढा वेळ परवडत नाही. डोळ्यांचेच पाहा. उजेड पडला की डोळ्यातल्या पेशीत जी-प्रथिन चालू होते. ते दहा-वीस सेकंद चालूच राहिले असते तर हलणारी प्रत्येक वस्तू मागे शेपटी सोडत गेली असती. म्हणून तिथे मदतनीस प्रथिने असतात. ती स्वतः कापत नाहीत. ती आल्फाला कापण्याच्या नेमक्या पवित्र्यात धरून ठेवतात, त्यामुळे तेच काम क्षणार्धात उरकते. हे मदतनीस १९९०च्या दशकाच्या मध्यात ओळखले गेले. डोळ्यातला हा मदतनीस ज्यांच्यात जन्मतः सदोष आहे, अशी काही माणसे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. अंधाऱ्या खोलीतून उन्हात आल्यावर त्यांचे डोळे दिपतात आणि सावरायला बराच वेळ लागतो. फेकलेला चेंडू त्यांना नीट दिसत नाही. त्यांच्या पेशींना दिवा लावता येतो, वेळेवर मालवता येत नाही.

मीटर अडकला तर: पटकीची कथा

आपल्याकडे पटकी हा शब्द आजही घरात हळू आवाजात उच्चारला जातो. गावाच्या वेशीवर मरीआईचे आणि जरीमरीचे देऊळ का असते, ते आपल्या आजी-पणजींना सांगावे लागत नसे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या वारीनंतर गावोगाव पटकीचा फैलाव होई. पुढे वारकऱ्यांना टोचून घ्यावे लागे, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. वाल्देमार हाफकिन हे कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ मध्ये कलकत्त्यात आले. नंतर मुंबईत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. इथे लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा पाण्याशी असलेला संबंध दाखवून दिला. म्हणजे हा रोग आपल्या दोन्ही घरांचा जुना वैरी.

रोगजंतू पाण्यातून येतो हे कळले, तरी तो माणसाला मारतो कसा, हे बराच काळ कोडे होते. रॉबर्ट कॉख यांनी जंतू विष सोडत असावा असा तर्क केला होता. ते सिद्ध केले कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून डॉक्टरेट घेऊन ते परतले. तिथे अगदी साध्या साधनांनी त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू काढून टाकलेला द्रव सोडला. आतडे पाण्याने फुगले. जंतू नव्हते, तरी पाणी आले! १९५९ मध्ये हे संशोधन 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक वर्षे त्याकडे म्हणावे तसे लक्ष गेले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

हे विष नेमके काय करते, याचा महत्त्वाचा धागा १९७७ मध्ये जेरुसलेमच्या कॅसल आणि सेलिंगर या शास्त्रज्ञांना मिळाला. टर्की पक्ष्याच्या रक्तपेशींवर काम करताना त्यांनी दाखवले, की कॉलऱ्याचे विष शेगडी पेटवत नाही, ते ती विझू देत नाही. वर सांगितलेले आर्जिनीन आठवते ना, फळ घट्ट धरणारा हात? विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीत शिरून नेमक्या त्याच आर्जिनीनवर एक रासायनिक गाठोडे चिकटवतो. हात बांधला गेला, कात्री चालत नाही, नाणे कापले जात नाही. आल्फा चालूच राहतो.

पुढचे सारे ओघाने येते. चालू आल्फा एका एन्झाइमला सतत हाकतो. त्यातून सायक्लिक एएमपी नावाचा रेणू ढिगाने तयार होतो. तो पेशीची क्लोराइड बाहेर सोडणारी दारे सताड उघडी ठेवतो. क्लोराइडच्या मागे सोडियम जाते आणि मिठाच्या मागे पाणी. नेहमीच्या मार्गाने मीठ आत घेण्याचे कामही मंदावते. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. एका आर्जिनीनचा हात बांधला गेला, की धडधाकट माणूस दिवसभरात मरणाच्या दारी पोहोचतो.

आपल्यापैकी कोणाला कॉलरा होण्याची शक्यता फार कमी आहे. पण प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांचे एक प्रमुख कारण असलेला ई. कोलाय जंतूचा एक प्रकार याच घराण्यातले विष बनवतो. ते त्याच आर्जिनीनवर तीच खोडी करते, फक्त जोर कमी. तिसऱ्या दिवशी आपल्या मुलांचे पोट बिघडते, त्यामागे अनेकदा हाच अडकलेला मीटर असतो.

अडकलेल्या घरात एक दार उघडे

आत्यांच्या सल्ल्याकडे आता वळू. पाजले तेवढे बाहेर पडते, हे त्यांचे निरीक्षण साध्या पाण्यापुरते पूर्ण खोटे नव्हते. पण आतड्याला मीठ आत घेण्याचे आणखी एक स्वतंत्र दार आहे. या दारातून सोडियम एकटे जात नाही, त्याला ग्लुकोजची सोबत लागते. दोघे जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागून. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. हे दार कॉलऱ्यातही शाबूत राहते. मीटर अडकलेला असतानाही ते काम करते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठही पुरत नाही. साखर इथे शक्तीसाठी नाही, ती मिठाचा हात धरून आत नेण्यासाठी आहे.

याची मोठी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याची सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटायला सुरुवात केली. पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केले. छावणीतले सुमारे ३० टक्के मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आले. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या उपचाराची गणना शतकातील कदाचित सर्वात महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आणखी एक दिलासा. विषाने बांधलेला हात सुटत नाही हे खरे, पण आतड्याचे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत गळून नवे येते. बिघडलेले मीटर पेशींसकट निघून जातात. म्हणजे लढाई थोड्या दिवसांची आहे. तेवढे दिवस जाते तितके पाणी भरत राहायचे, बाकी शरीर पाहून घेते.

आणि माझी चूक? एका लिटरची पुडी एका पेल्यात घातली की ते पाणी रक्तापेक्षा कितीतरी खारट आणि दाट होते. मग पाणी आत जाण्याऐवजी उलट आतड्याकडे ओढले जाते आणि रक्तातले सोडियम वाढते. लहान मुलात यातून झटके येऊ शकतात. सासूबाईंचा डोळ्यांतल्या पाण्याचा नियम म्हणूनच पक्का.

पिशवीत काय ठेवावे, काय करावे

१. इथली डायोरालाइटची पुडी २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते. भारतातली मोठी पुडी एक लिटरसाठी असते, आणि तिथे लहान पुड्याही मिळतात. मापाचा अंदाज कधीही करू नये, पुडीवरचे वाचावे. पाणी उकळून गार केलेले किंवा सीलबंद बाटलीतले घ्यावे.

२. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यावरील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये.

३. पुडी मिळणे अशक्यच असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागली तर फेकून पुन्हा करावे. किंचित मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज हाही चांगला आधार आहे. भाताच्या पिठूळपणातून ग्लुकोजच मिळते. कोला आणि डब्यातले गोड रस मात्र टाळावेत.

४. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय १२ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. त्या आतड्याची हालचाल मंद करतात, अडकलेला मीटर सोडवत नाहीत.

५. लघवी फार कमी होणे, डोळे खोल जाणे, रडताना पाणी न येणे, सुस्ती, शौचातून रक्त, किंवा काहीच पोटात न टिकणे, यांतले काहीही दिसले तर पुडीवर विसंबू नये. भारतात थेट डॉक्टरांकडे जावे. इथे असाल तर १११ ला फोन करावा. पोर निपचित पडले तर ९९९.

६. इथल्या हिवाळ्यात नोरोव्हायरसची साथ येते. त्याची रीत वेगळी, पण पाणी भरून काढण्याचा उपाय तोच. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास मुलांना शाळेत पाठवू नये.

या पानावर आरोग्याबरोबर अर्थही असतो, म्हणून दोन शब्द पैशांचे. एनएचएसचे ग्लोबल हेल्थ कार्ड भारतात चालत नाही, तेव्हा प्रवासविमा काढताना जुने आजार लपवू नयेत. भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांना इथल्या तातडीच्या विभागात विनामूल्य पाहतात, पण दाखल करून घेतले तर बिल येऊ शकते. म्हातारपणी अंगातले पाणी लवकर कमी होते. त्यांचाही विमा असावा आणि घरात चार पुड्या असाव्यात.

सोलापूरहून निघताना मी आत्यांना हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे साखर मिठाला बोट धरून नेते होय? मग तसं आधीच सांगायचंस की." त्यानंतर त्यांच्या शेजारच्या घरात एक नातू आजारी पडला, तेव्हा आत्यांनी स्वतः लिटरचे भांडे मोजून घेतले आणि पुडी विरघळल्यावर आधी स्वतः चव पाहिली. सासूबाईंनी ही बातमी मला फोनवर सांगितली.